फणीत काही निघालं का

वस्तादांनी दुकान बंद केलं तेव्हा आरसे विकले, बाकडी कोणाकोणाला देऊन टाकली, पण खुर्ची मात्र घरी आणली. लोखंडी पायाची, वरखाली होणारी ती जड खुर्ची खिडकीपाशी मांडली, तेव्हा त्यांच्या बायकोने विचारलं होतं की आता या घरात केस कापायला येणार कोण, झुरळं? सारी गल्ली त्यांना वस्ताद म्हणायची आणि बायकोला मामी. कोणाच्या मामी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

पुढे मामींच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि त्यांचा पलंग त्याच खिडकीशी आला. डावा हात चादरीवर ठेवला तिथे पडून राही. टाचणी टोचली तरी त्यांना कळत नसे. पण घरातली पांढरी मांजर, कापशी, नेमकी त्याच हाताखाली जाऊन झोपायची, आणि मामी शपथेवर सांगायच्या की तिची घुरघुर आपल्याला त्या हातात जाणवते. डॉक्टर म्हणाले, असं वाटतं माणसाला. वस्तादांनी डॉक्टरांशी वाद घातला नाही, पण त्या दिवसापासून कापशीसाठी दूध आधी निघू लागलं आणि त्यांच्या चहासाठी नंतर.

घरात दुसराही एक बोका होता, कोतवाल. दिवसभर गल्लीत गस्त घालायचा, जेवायला तेवढा घरी यायचा, कोणाला अंगाला हात लावू द्यायचा नाही. पिसवा आणल्या त्या त्यानेच, कुठल्यातरी उकिरड्यावरून.

आधी वस्तादांच्या घोट्यांना चावे दिसले. त्यांना वाटलं डास असतील. मग सकाळी मामींना आंघोळ घालायला येणाऱ्या नर्सबाईंनी चादर वर केली आणि मामींच्या डाव्या पायावरचे लाल ठिपके दाखवले. पाय बधिर, त्यामुळे मामींना त्याचा पत्ताच नव्हता. एक चावा चिघळून त्यात पू झाला होता. नर्सबाई मनाने वाईट नव्हत्या, पण बोलायला फटकळ. पडून असलेल्या माणसाची कातडी कागदासारखी होते, म्हणाल्या, अशी जखम वाढली तर मामींना दवाखान्यात न्यावं लागेल. घरात पिसवा राहिल्या तर मांजरं राहणार नाहीत, आणि मांजरं राहिली तर आपण येणार नाही. मामींच्या परगावी असलेल्या मुलीला त्यांनीच फोन केला. मुलीने लगेच मांजरं घेणारं एक घरही शोधून ठेवलं.

 उजव्या हाताने मामींनी कापशीला डाव्या हाताखाली आणखी थोडं सरकवलं.

वस्ताद कामाला लागले. जनावरांच्या दवाखान्यातलं औषध त्यांच्या खिशाला झेपणारं नव्हतं, पण केसांतली वस्ती उठवणं हे काम त्यांनी जन्मभर केलं होतं. उवांनी भरलेली किती डोकी त्यांच्या हाताखालून गेली असतील. संध्याकाळी ते कापशीला खुर्चीत बसवत, गळ्याभोवती जुना पांढरा कपडा गुंडाळत आणि विचारत, काय बाईसाहेब, बारीक करू की मध्यम? मग सगळ्यात बारीक दातांची फणी घेऊन मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश ओढत. फणीत अडकलेली पिसू उडी मारायच्या आत साबणाच्या पाण्यात बुडवत. काळी बारीक कणी निघाली तर ती ओल्या कापसावर घासून बघत. लाल डाग उमटला की समजायचं, हा कोंडा नव्हे, पिसवांची घाण आहे.

"फणीत काही निघालं का?" मामी पलंगावरून विचारत. रोज तोच प्रश्न.

निघालं तर वस्ताद सांगत की एक जाडजूड सावकारीण होती, पोहायला पाठवली. मामी अर्ध्या तोंडाने हसत. आजारपणानंतर त्या हसल्या त्या या खुर्चीपुढेच. कोतवाल मात्र खुर्चीत बसायचा नाही. त्याला पोत्यात धरावं लागे आणि वस्तादांच्या हातावर ओरखडे उठत. मामी म्हणत, हे एकच गिऱ्हाईक असं की कापण्याचं काम तेच करतं.

बाकीची लढाई जमिनीवर. अंथरुणं उकळत्या पाण्यातून काढायची, कडक उन्हात टाकायची, फरशीच्या फटी कुंच्याने खरवडायच्या, केर बांधून लगेच बाहेर न्यायचा. वस्तादांची कंबर मोडली, पण फणीत पिसवा कमी होऊ लागल्या. आणि अगदी आता संपल्या म्हणेपर्यंत एका सकाळी नर्सबाईंना मामींच्या पोटरीवर पुन्हा ताजे चावे दिसले. त्यांनी टॉवेल खाली ठेवला आणि सांगितलं की मुलीशी आपलं बोलणं झालं आहे, रविवारी मांजरं न्यायला माणूस येईल.

फटीत दडलेली अंडी उशिरा फुटतात, म्हणून मधेच एकदा अशी उसळी येते, हे वस्तादांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, आपण हरलो.

शेजारी राहणाऱ्याला सगळे भाऊ म्हणत, तो कुत्रा पाळायचा. भला माणूस. वस्तादांचा पडलेला चेहरा बघून घरात गेला आणि एक छोटी नळी घेऊन आला. मानेवर टाकायचं औषध, म्हणाला, आमच्या कुत्र्याच्या पिसवा एका दिवसात गेल्या, हे एक उरलंय, घेऊन जा. खोका त्याने कधीच फेकून दिला होता. वस्तादांनी विचारलं, मांजराला चालेल ना? भाऊ म्हणाला, पिसू ती पिसूच, कुत्र्याची काय न् मांजराची काय.

तरी वस्तादांनी विचार केला, आणि तो विचार त्यांच्या धंद्यातला होता. केसांना कलप लावताना मोठ्या डोक्याला जास्त घ्यायचा, लहान डोक्याला कमी. कातडी नाजूक असेल तर आणखी कमी. कुत्रा केवढा, कापशी केवढी. त्यांनी नळीतलं जरासंच औषध वाटीत काढलं, कलप लावायच्या जुन्या ब्रशने कापशीच्या मानेवर केस बाजूला करून नीट लावलं, आणि कपडा काढून तिला म्हणाले, झालं, बाईसाहेब. कोतवाल बाहेर होता. तो आला की त्यालाही लावू, असं ठरवलं.

दुपारी मामींनी हाक मारली. "अहो, ही थरथरतेय. घुरघुर नाही ही."

कापशीच्या तोंडातून लाळ गळत होती. कान फडफडत होते, पाय आपोआप झटके देत होते. वस्तादांनी तिला उचलून भांड्याच्या साबणाने मान धुतली, पुन्हा धुतली, कपड्यात गुंडाळली, नळी खिशात टाकली आणि तिला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्याकडे धावत सुटले. या वयात त्यांना धावताना गल्लीने प्रथमच पाहिलं.

डॉक्टर तरुण बाई होत्या. नळीवरचं औषधाचं नाव वाचून त्यांनी लगेच सुई भरली. पुष्कळ धडपड केली. कुत्र्याचं शरीर ते पचवतं, मांजराचं पचवू शकत नाही, थोडं असलं तरी, असं त्यांनी हात चालवत सांगितलं. उन्हं उतरायच्या आत कापशी टेबलावर शांत झाली. डॉक्टरबाईंनी हात धुतले आणि विचारलं, आधी काय करत होतात? वस्तादांनी फणीचं सांगितलं, उकळत्या पाण्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, तेच बरोबर होतं काका. अजून थोडे दिवस लागले असते, एवढंच.

वस्तादांना वाटलं, हे त्या बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं.

घरी आले ते रिकामी पिशवी हातात घेऊन. मामी दाराकडेच बघत होत्या. वस्ताद पलंगाच्या कडेला बसले. वाटेत त्यांनी दोन-तीन गोष्टी जुळवल्या होत्या, म्हातारी झाली होती, काहीतरी खाल्लं असेल. त्यातली एकही तोंडातून बाहेर पडली नाही.

"मी मारली गं तिला," ते म्हणाले. "कुत्र्याचं औषध लावलं. ती तुझ्यापाशी राहावी म्हणून लावलं."

मामींनी मान भिंतीकडे वळवली. त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भरवलं तेव्हा जेवल्या, पण बोलल्या नाहीत. भाऊ येऊन दारात उभा राहिला, रडला, वस्तादांनीच त्याला पाणी दिलं. रविवारी न्यायला माणूस आला तेव्हा कोतवाल गल्लीत होता आणि कोणाच्याच हाती लागला नाही. नर्सबाईंनी त्या माणसाला परत पाठवलं. त्या दिवसापासून त्या फटकळपणे बोलेनाशा झाल्या, आणि वस्तादांना तेही बोचलं.

वस्ताद अंथरुणं उकळत राहिले, फटी खरवडत राहिले. डॉक्टरबाईंनी सांगितलेले थोडे दिवस गेले आणि चावे थांबले. मामींची जखम सुकली. घर इतकं स्वच्छ कधीच नव्हतं.

एका दुपारी वस्तादांनी खुर्चीखालच्या पेटीतून केस कापायचं जुनं यंत्र काढलं. पाती काढली, गुळगुळीत कापडात गुंडाळलं, सुरू केलं आणि मामींच्या डाव्या हाताखाली ठेवलं. ते घर्र घर्र करू लागलं. वस्ताद बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळाने मामी बोलल्या. "काही कळत नाही हो. बंद करा, उगाच वीज जाते."

त्यांनी बंद केलं. वायर गुंडाळून यंत्र पुन्हा पेटीत ठेवलं. मामी ते बघत होत्या. मग म्हणाल्या, "फणी आणा. तो आलाय."

कोतवाल दारात बसला होता. वस्तादांनी पोतं उचललं, पण लागलं नाही. कापशी गेल्यापासून बोका घरात जास्त थांबायचा, कोपरे हुंगत फिरायचा. वस्तादांनी त्याला खुर्चीत ठेवलं तर तो बसला. त्यांनी गळ्याभोवती पांढरा कपडा गुंडाळला, पण बारीक की मध्यम हे काही त्यांच्याने विचारवलं नाही. मानेपासून शेपटीपर्यंत फणी सावकाश ओढली, साबणाच्या पाण्यात बुडवली, पुन्हा ओढली.

"फणीत काही निघालं का?" मामींनी विचारलं.

वस्तादांनी फणी खिडकीच्या उजेडात धरली. ओल्या कापसावर घासली. कापूस पांढराच राहिला.

"नाही," ते म्हणाले. "काहीच नाही."

मामींनी डोळे मिटले. जरा वेळाने त्या म्हणाल्या, पुन्हा एकदा फिरवा. वस्तादांनी फणी पुन्हा मानेवर टेकवली.