ओठ वाचता येतील इतका वेग

घरातली सगळ्यांत धाकटी म्हणून तिला बारकी म्हणत, आणि पन्नाशी उलटली तरी ते नाव काही तिला सोडायला तयार नव्हतं. तिचं चष्म्यांचं दुकान होतं. वडील गेल्यावर तिने आणि दादाने त्यांचं कपाट आवरायला घेतलं, तेव्हा सगळ्यात खाली एक जड पेटी निघाली. आत फिल्मचा जुना प्रोजेक्टर होता आणि बाबांनी स्वतः काढलेली दोन रिळं. एकाच्या डबीवर ‘बदकं’ लिहिलं होतं, दुसऱ्याच्या ‘अंगण’.

“अंगणात आई आहे,” दादा म्हणाला. “ती गेल्यावर बाबांनी ही फिल्म एकदाच लावली होती. सारखी काहीतरी बोलत असते त्यात. आवाज नाही, नुसतं तोंड हलतं.”

आई गेली तेव्हा बारकी जेमतेम चालायला लागली होती. आई बोलायची कशी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दादाला विचारलं तर तो म्हणायचा, चांगलं बोलायची. यावर पुढे काय विचारणार?

बारकीने डबी हातात घेतली आणि तिला आत्या आठवली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लहानपणी तापात तिचे कान गेले, तेव्हापासून ती माणसांचे ओठ वाचायची. भरल्या खोलीत पलीकडच्या कोपऱ्यात कुणी कुजबुजलं तरी ती इकडे गालातल्या गालात हसायची.

“आत्याला दाखवू या. आई काय म्हणते ते ती सांगेल.”

“आधी ते धूड चालू तरी होऊ दे,” दादा म्हणाला. “नाहीतर जुन्या फिल्म मोबाइलवर घेऊन देणारा तो स्टुडिओवाला होता ना?”

बारकीने स्टुडिओवाल्याला फोन केला. त्याने ते काम केव्हाच बंद केलं होतं. मग तिने पेटी उचलली आणि दुकानात नेली.

दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा ती शटर अर्धं ओढून बसायची. मागचं झाकण काढलं तर आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता आणि चाकांना घट्ट चिकटला होता. ग्रीस मेणासारखं गोठलं होतं. तिने वीज लावायची घाई केली नाही. एकेक स्क्रू काढण्याआधी त्याचा मोबाइलवर फोटो काढला, चष्म्याच्या बारीक पेचकसाने भाग सुटे केले आणि काचा धुवायच्या यंत्रात छोटी दातेरी चाकं आंघोळीला सोडली. पट्ट्याच्या जागी प्लंबिंगच्या दुकानातली रबरी रिंग बसली. पहिली सैल पडली, दुसरी इतकी घट्ट की चाक फिरेना, तिसरी जमली. दिवा मात्र धडधाकट होता. एवढ्या वर्षांनी तो लागला तेव्हा तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत, अक्षरांच्या तक्त्यावर पांढरा कागद लावून, तिने ‘बदकं’ चढवली. बदकं भिंतीवर आली आणि ऑफिसला उशीर झाल्यासारखी पळत सुटली.

“चाललं की,” दादा म्हणाला. “आण आत्याला.”

तिलाही राहवेना. दुसऱ्या दिवशी आत्या आली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, आणि बारकीने ‘अंगण’ लावलं. पायरीवर एक बाई उभी होती, कडेवर तान्हं मूल, केस सुटायला आलेले. बारकीने आईचे फोटो पाहिले होते, पण फोटोतली आई कधी नाक खाजवत नव्हती. ही खाजवत होती. मूल सावरत, हात उडवत, ती सपाट्याने बोलत होती.

आत्या पुढे झुकली. मग तिने डोळे चोळले.

“पळतात,” ती तिच्या मोठ्या, एकसुरी आवाजात म्हणाली. “ओठ पळतात. त्यात उड्या मारतात. मला नाही कळत.”

दादा गडबडीने उठला. “असू दे आत्या. आई दिसली, बास झालं. बारके, उगाच ताणू नकोस, एखादे वेळी फिल्मच जळायची.”

“दिसली,” बारकी म्हणाली. “पण मला ती ऐकायचीय.”

तिने रीळ उतरवून डबीत ठेवलं. यंत्र सुधारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं. यापुढे काय वाटेल ते बदकांनी सोसावं.

आधी तिने वेगाचा पिच्छा पुरवला. वेगाचं बटण इकडे फिरवलं काय नि तिकडे फिरवलं काय, मोटर आपली एकाच पट्टीत किंचाळायची. म्हणजे बटणाचं कुणी ऐकतच नव्हतं. मोटरच्या शेपटीकडे एक चकती होती, तिच्यावर स्प्रिंगने धरलेली दोन छोटी वजनं. मोटर फार पळाली की वजनांनी बाहेर फाकायचं आणि क्षणभर वीज तोडायची, अशी ती व्यवस्था. पण जुन्या ग्रीसने वजनं जागच्या जागी गोठली होती. तिने ती कापसाच्या काडीने पुसली, पुन्हा पुसली, सुईच्या टोकाने कडा मोकळ्या केल्या. बोट लावल्यावर वजन अलगद हललं आणि परत आलं, तेव्हाच तिने मोटरचं झाकण परत लावलं.

आता बदकं बदकांसारखी चालली. पण चित्र अजून थडथडत होतं. भिंगामागे फिल्म दाबून धरणारी एक पट्टी होती. तिची स्प्रिंग म्हातारी झाली होती. बारकीने ती चष्म्याची काडी वाकवतात तशी चिमट्याने किंचित वाकवली. जरा जास्तच वाकली. फिल्मच्या भोकांत अडकून तिला खाली सरकवणारी छोटी नखी ओढायला गेली आणि बदकं मधोमध फाटली.

“बघ,” दारातून दादा म्हणाला. तो हल्ली दुकानावरून जाताना डोकावायचा. “ही आई असती तर?”

“म्हणूनच बदकं लावलीत,” बारकी म्हणाली. तिने फाटलेली टोकं चिकटपट्टीने जोडली, स्प्रिंग केसभर सैल केली आणि परत लावलं. थडथड. अजून थोडं आवळलं. कितीदा ते तिने मोजलं नाही. एका दुपारी तळ्यातलं पाणी भिंतीवर इतकं स्थिर दिसलं की काठावरची गवताची पाती वेगळी दिसायला लागली. दादा आत आला आणि स्टुलावर बसला.

“मी आत्याला घेऊन येतो,” तो म्हणाला.

या वेळी आई पायरीवर आली ती सावकाश आली. ओठ मिटत, उघडत होते, जिवंत माणसाचे असतात तसे. आत्याने बारकीचं मनगट धरलं.

“माझ्याशी बोलतेय ती,” आत्या म्हणाली.

“कोण?” बारकीने तिच्या डोळ्यांसमोर तोंड आणून विचारलं.

“तुझी आई. तुझ्या बाबांकडे नाही बघत. मी त्याच्या मागे उभी होते.” तिची नजर पुन्हा भिंतीवर गेली. “बाकी सगळे माझ्याशी तोंड फिरवून बोलायचे. ही नाही. शब्द सुटा सुटा करून, नीट बोलायची.”

“काय म्हणते?” बारकीने तिचा हात दाबला.

आत्या वाचू लागली, मध्येच थांबत. “वन्सं, यांना सांगा, आधी पोर धरा, मग यंत्र. माझा हात तुटला. गुबगुबीत आहे. नुसती खाते नि ओरडते, तुमच्या भावावर गेलीय.”

दादा फसकन हसला. बारकी हसली नाही, तिला एकही शब्द चुकवायचा नव्हता. भिंतीवर आईही हसत होती, दातांवर दात चढलेले, कसलीही लाज न बाळगता.

“आता?” बारकीने पुन्हा हात दाबला.

“उद्या जाऊ नका वन्सं. राहा अजून. तुम्ही असलात की मला बोलायला माणूस असतं.”

पडद्यावर आई पाठमोरी झाली आणि मुलाला घेऊन घरात शिरता शिरता अजूनही काही बोलत होती, मानेवरून कळत होतं.

“ते?” बारकीने पाठमोऱ्या आईकडे बोट केलं.

“पाठ केली. नाही दिसत.”

रीळ संपलं आणि कागदावर नुसता उजेड राहिला. बारकीने दिवा बंद केला, तो थंड व्हावा म्हणून मोटर चालू ठेवली.

“मग राहिलीस का तू?” दादाने आत्यासमोर येऊन, ओठ नीट हलवत विचारलं.

“राहिले. बरेच दिवस राहिले.” आत्याने पदराने डोळे टिपले. “आम्ही फार बोलायचो, रे.”

“काय काय बोलायचात?” बारकीने विचारलं. तिने खुर्ची ओढली आणि आत्याच्या अगदी समोर बसली.