शेषरावांचं तेजोवलय

कामरगावात शेषरावांचा धर्मकाटा आहे. सोयाबीनच्या दिवसांत तिथे ट्रॅक्टरची रांग लागते. यंदा ती बसथांब्यापलीकडे गेली, कारण वजन झाल्यावर पावती निघेपर्यंत ड्रायव्हरचा चहा पिऊन व्हायचा आणि गावातल्या चार माणसांची विचारपूसही.

दोष कोणाचा, हे शेषरावांनी लगेच ओळखलं. कॉम्प्युटर नवा होता आणि त्याची रीतसर पूजाही झाली होती. पावतीचा प्रोग्राम त्यांचे जावई ऋषिकेश यांनी पुण्यात बसून लिहिला होता, तेव्हा त्यात खोट असणं नात्याच्या दृष्टीनेच अशक्य. उरली निकिता, पावत्या काढणारी इंझोरी गावची मुलगी. तिची बोटं मंद चालतात, असा निकाल शेषरावांनी सगळ्या रांगेसमोर दिला आणि सोमवारपासून दुसरी मुलगी बघतो, असंही सांगून टाकलं.

निकिता रडली नाही. तिने पौर्णिमाला बोलावलं. दोघी कॉलेजात एका बाकावर बसायच्या. पौर्णिमा आता नागपूरच्या एका कंपनीत हळू चालणारे प्रोग्राम तपासते आणि सुट्टीवर गावी आली होती. शेषरावांनी तपासणीला परवानगी दिली, कारण निकाल काय लागणार याची त्यांना खात्री होती.

"प्रोसेसरच्या आतच कामाची मोजणी चालू असते, काका," पौर्णिमाने समजावलं. "ठरावीक काम झालं का त्याले क्षणभर थांबवायचं, आन् तो प्रोग्रामच्या कोणत्या भागात हाय, ते टिपून घ्यायचं. असं हजारो वेळा. जिथं तो जास्त सापडला, तिथं त्याचा वेळ जाते."

"म्हंजे मी वावरात अचानक जाऊन पायतो, मजूर तुरीत हाय का निंबाखाली, तसंच की."

तसंच, असं पौर्णिमा म्हणाली. शेषराव खूश झाले. आता निकिता निंबाखाली सापडणार होती.

काटा चालू ठेवूनच मोजणी झाली. पावती तयार करताना प्रोसेसर क्वचितच सापडला. चारांतल्या तीन वेळा तो एकाच जागी होता. पडद्याच्या कोपऱ्यात शेषरावांचा फोटो होता. जावयांनी सासऱ्यांवरच्या भक्तीपोटी टाकलेला. त्यामागे एक सोनेरी तेजोवलय फिरायचं, आणि ते वलय प्रोग्राम दर खेपेला ठिपका-ठिपका करून नव्याने रंगवत बसायचा. सोयाबीन, ट्रॅक्टर, पावती असली किरकोळ कामं तो मधल्या सवडीत उरकत होता. निकिताच्या बोटांची वाट बघायला त्याला फुरसतच नव्हती.

शेषरावांनी एकदा स्वतःच्या फोटोकडे पाहिलं. मग त्यांनी जावयांना फोन लावला. कॉम्प्युटर कमजोर आहे, याहून मोठा घ्या, असा सल्ला मिळाला. शेषरावांना तो पटलाही असता, पण तोवर पौर्णिमाने सेटिंगमध्ये जाऊन वलय बंद केलं होतं आणि पुढच्या ट्रॅक्टरची पावती ड्रायव्हर खाली उतरायच्या आत बाहेर आली होती.

"फोटो तं राहू दे," शेषराव हळूच म्हणाले.

"फोटो राह्यते, काका. फक्त तेज बंद."

शेवटी तडजोड झाली. काटा रविवारी बंद असतो. त्या दिवशी वलय खुशाल फिरावं.

पौर्णिमा निघाली तेव्हा निकिता उठून उभी राहिली. "भाऊ, तुमी मले लोकायसमोर बोलले व्हते. आता लोकायसमोरच सांगा."

शेषराव बाहेर गेले आणि मशीनची चूक होती, असं त्यांनी जाहीर केलं.

"मशीनची नाही, भाऊ," खिडकीतून निकिता म्हणाली. "मशीननंच तं खरं सांगतलं."

शेषरावांनी रांगेकडे पाहिलं. मग निकिताची चूक नव्हती, हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की पुढच्या दोघा-तिघांनाच ऐकू आलं. तेवढं पुरेसं होतं. बाकीच्यांपर्यंत त्या दोघा-तिघांनी ते पोहोचवलं, थोडी भर घालून.

सोमवारी निकिता तिच्या खुर्चीवर होती. पहिल्याच ट्रॅक्टरवाल्याने खिडकीशी येऊन अदबीने विचारलं, शेषरावभाऊंचं तेज आज बंदच आहे ना. निकिताने मान डोलावली आणि पावती त्याच्या हातात दिली.