सुतकातलं औषध

नवऱ्याचं, कडूबाचं तेरावं झालं आणि सारजाबाई मोसंबीच्या बागेत आली. करमाडच्या शिवारात सलग दुसऱ्या साली पाऊस नव्हता. विहिरीचा तळ दिसत होता. पलीकडं फकिराचं रान होतं, तिथं आता शहरवाल्यांच्या प्लॉटिंगचे चुन्याचे पट्टे ओढलेले.

सुतकातल्या घरानं रानात जायचं नाही, शेजाऱ्यानं ते सांभाळायचं, ही गावाची रीत. फकिरानं ती मनापासून पाळली होती. वाळक्या फांद्या छाटल्या होत्या, बुंध्याभोवतीची आळी नीट केली होती. पण पहिल्याच झाडापाशी ती वाकली तर नाकात उग्र वास शिरला.

"वहिनी, उधई लागली होती," फकिरा मागून म्हणाला. "पार खोडावर चढलेली. माझ्याकडं औषध पडून होतं. घरच्या टाकीतलं पाणी आणून त्यात कालवलं आन सगळ्या झाडांच्या बुडात वतलं."

सारजाबाईनं बुडातली माती चिमटीत घेऊन हुंगली.

"फवारा नाय मारला, हां! पानाला थेंब लागू दिला नाय. कडूबाचं सेंद्रियाचं व्रत मला काय ठाव नाय व्हय?"

औषध पानावर मारा नाहीतर मातीत ओता, सेंद्रियाच्या नेमात दोन्हीला सारखीच बंदी, हे कडूबानं त्याला कधी सांगितलंच नव्हतं. स्वतःच्या घरी प्यायला टँकरचं पाणी, त्यातून हा माणूस मित्राच्या झाडांसाठी हंडे वाहत होता.

"लई केलंत, भावजी," ती म्हणाली. त्याला घरी नेलं, चहा दिला.

दिवस मावळायच्या आत ती विश्वजीतकडं गेली. शेतकऱ्यांच्या सेंद्रिय गटाचं कामकाज तो बघायचा. तीन वर्षं सगळ्यांनी नेम पाळला होता. दुसऱ्या दिवशी तपासणी होती, मग सर्टिफिकेट. शहरात औरंगपुऱ्यातला दुकानदार माल घ्यायला त्याचीच वाट बघत होता.

सगळं ऐकून विश्वजीत खालच्या आवाजात म्हणाला, "काकू, तपासणीवाले चार-दोन बागाच बघतात. तुमच्याकडं येतीलच असं नाय."

"आन आले तर?"

"मालात औषध सापडलं तर सगळा गट बाद."

"आधीच सांगितलं तर?"

"मग तुमची एकटीची बाग बाहेर. पुन्हा पहिल्या वर्षापासनं. तवर झाडं जगतील का?"

"झाडांचं काय इचारतो? माझंच कुठं ठरलंय!"

दोघंही हसले नाहीत. कडूबानं शेजाऱ्यांच्या घरी जाऊन जाऊन हा गट बांधला होता. लोक त्याला खुळा म्हणाले तरी त्यानं सोडलं नव्हतं.

"लिव, माझ्या बागेत औषध पडलंय म्हणून," ती म्हणाली.

"कुणी टाकलं म्हणून लिहू? गटात वाचून दाखवावं लागंल."

सारजाबाईनं पदर सारखा केला. "मीच टाकलं म्हण."

"काकू, लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. फकिरा भावजीनं आधीच रान घालवलंय. आता ह्याचा बोल नको त्यांच्या माथी."

सकाळी गटाची बैठक झाली. कुणी भांडलं नाही, पण कुणी तिच्याकडं बघितलंही नाही. बाहेर पडताना गटातली वच्छलाबाई दुसरीला म्हणाली, ती ऐकेल एवढ्या आवाजात, "नवरा गेला आन बाईनं लगेच त्याचं सारं मोडलं!" सारजाबाई चपला शोधत राहिली. पायाजवळच होत्या.

तपासणीवाले तिच्या बांधावरून पुढं निघून गेले. विश्वजीतनं खाली मान घालून तिच्या बांधावरची, कडूबानं रंगवलेली गटाची पाटी उपटली आणि नेली.

थोड्या वेळानं फकिरा आला. बैठकीचं त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. बांधावरचा खड्डा बघून त्यानं विचारलं, "वहिनी, पाटी कुठं गेली?"

"पडली, भावजी."

"आसं कसं? कडूबाची पाटी हाय ती. म्या नवी करतो. घरी फळी हाय, रंगबी हाय."

तो लगबगीनं निघालाही. संध्याकाळपर्यंत सगळं त्याच्या कानावर जाणारच होतं. सारजाबाईनं त्याला जाऊ दिलं. मग कडेच्या झाडाच्या बुडाशी जाऊन बसली. वास अजून येत होता. उधई मात्र एकही दिसत नव्हती.