तळ्याकाठचा माड

रसिनेमने चमचाभर नीरा नवऱ्याच्या, सुपार्दीच्या जिभेवर सोडली आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने मान डोलावल्याशिवाय कढई चुलीवर चढत नसे. आंबलेल्या नीरेचा गूळ धरत नाही, आणि आंबटपणाची पहिली चाहूल साऱ्या गावात त्याच्याच जिभेला लागायची.

"एक जीभ तेवढी राहिली, तर तिचा केवढा तोरा," ती म्हणाली.

मानेखालचं सुपार्दीला काही जाणवत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तो तळ्याकाठच्या माडावरून पडला, तेव्हापासून अंग असून नसल्यासारखं. ती दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, मग आढ्याच्या जागी भिंत दिसायची, एवढंच. सुरुवातीला तो रडायचा. आता तेही होत नव्हतं. त्याचे माड धाकटा भाऊ तासरिप चढत होता. तळ्याकाठचा तो एक माड मात्र रसिनेमने तोडून टाकायला लावला होता; निदान तिने तसं सांगितलं होतं.

नीरा गोड होती. पण गिळताना मागे किंचित खारटपणा रेंगाळला. तळ्यात भरतीचं पाणी शिरायचं, आणि ही चव त्या एकाच माडाला होती.

तासरिप कुठे आहे, असं त्याने विचारलं. मडकी ठेवून आत्ताच गेला, असं ती म्हणाली. आठ-दहा दिवसांत त्याचा आवाज कानावर आला नव्हता, हे सुपार्दीच्या आता ध्यानात आलं.

कूस बदलायला ती वाकली, तशी तिची बाही वर सरकली. दंडापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूची कातडी सोलवटली होती. काही खपल्या जुन्या, काही आजच्या. वीस वर्षं माड चढताना त्याचेही हात असेच असत.

त्याला भीती वाटली. दोन वर्षांत त्याला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं. चढू नकोस, असं ओठांवर आलं. पण मग चूल कशी पेटणार? तिने त्याला भिंतीकडे वळवलं.

"त्या माडाची तळ्याकडची, वरून तिसरी खाच," तो म्हणाला. "घाईत उथळ कोरली होती मी. तिथूनच पाय सुटला माझा."

त्याच्या पाठीवर टेकलेला तिचा हात तिथेच राहिला असावा. उशी हलायची थांबली होती.

"तासरिपला सांगते," ती म्हणाली.

"सांग."

दुपार कलल्यावर रसिनेम कोयता घेऊन बाहेर पडली. थोड्या वेळाने तळ्याकडून ठोके ऐकू येऊ लागले. खाच खोल होत होती. मधेच आवाज थांबला. सुपार्दी कान देऊन ऐकू लागला. मग पुन्हा एक ठोका आला.