चार गल्ल्यांचे चार सेल

शुक्रवारी दिवस मावळताना ग्रामपंचायतीसमोरच्या निंबाखाली अख्खं गाव हात जोडून बसलं होतं, आणि मधोमध देव म्हणून विराजमान होता पंचायतीचा ट्रान्झिस्टर. गळ्यात हार, अंगावर घोंगडी, शेजारी धुनी. विद्युतनाथ महाराज मांडीवर टॉर्च ठेवून डोळे मिटून पुटपुटत होते. अर्ध्या तासानं त्यांनी घोंगडी ओढली, बटण फिरवलं आणि नागपूर केंद्र खणखणीत बोलू लागलं. पुढ्यात बसलेल्या म्हाताऱ्या केशरबाईनं जागीच लोटांगण घातलं. पण दहा मिनिटांतच निवेदकाचा आवाज बारीक झाला, घरघरला आणि बंद पडला.

"देवी थकली," महाराज म्हणाले. "आभाळातून येते ते. तिले दम नाही लागत? झाका."

पुन्हा घोंगडी, पुन्हा नारळ. महाराज कौंडण्यपूरच्या यात्रेहून परत जाताना आमच्या गावी टेकले, त्याला आठ दिवस झाले होते. मी गावचा ग्रामसेवक, मॅट्रिक पास, आणि आठही दिवस गुपचूप खोबरं खात बसलो होतो. याची आजही लाज वाटते.

त्यात मूळ घोटाळा माझ्याच हातचा. रेडिओला सेल लागत चार, आणि गावात गल्ल्या चार. एकाच गल्लीनं सगळे सेल दिले तर ती रेडिओवर मालकी सांगेल, म्हणून प्रत्येक गल्लीनं एकेक द्यावा, असा ठराव मी सुवाच्य अक्षरात लिहिला होता. कोणाचा सेल लाल, कोणाचा निळा, कोणाचा टॉर्चमधून उरलेला. गेल्या आठवड्यात बौद्ध गल्लीच्या देवमननं परतवाड्याहून लाल पट्टीचा कोरा सेल आणून बसवला आणि दुसऱ्याच दिवशी रेडिओनं मान टाकली. महाराजांना एवढं पुरलं.

"चौथा सेल अशुद्ध हाये," त्यांनी आज निकाल दिला. "तो फेका. ते गल्ली निंबाच्या पलीकडं बसवा. मंग पाहा देवी कशी बोलते."

देवमन रोज बाजारभाव ऐकायला सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा. तो उभा राहिला. "अकरा वर्सं झाली आमाले धम्म घेऊन. आता सेलालेबी जात लावून राहिले का?"

सरपंच किसनराव मान खाजवत म्हणाले, "एक दिवस सरकून बस ना बाप्पा. तुयं काय जाते?"

हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण तोंड उघडलं देवमनच्या बहिणीनं. जयवंता सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती पुढे आली. "महाराज, तुमचा टॉर्च द्या बरं जरासा."

"काहून?"

"देवीले उजेड दाखवाचा हाये."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? टॉर्च तिच्या हातात आला. तिनं मागचं झाकण फिरवलं आणि तीन सेल तळहातावर घेतले. तिन्ही लाल पट्टीचे, तिन्ही कोरे.

"तुमाले चार घरचे सेल चालत नाहीत वाटते," ती म्हणाली.

मग त्यातला एक बाजूला ठेवून तिनं त्या जागी रेडिओतला एकेक सेल घालून पाहिला. देवमनचा घातला, तर झोत थेट शाळेच्या भिंतीवर. पुढच्या दोन गल्ल्यांच्या सेलांवर उजेड जरा मंद. उरलेल्या सेलाला मात्र कुंकवाचा जाड थर होता. महाराज त्याला मुख्य देवता म्हणत. तो घातला, तर टॉर्चचा बल्ब विझत आलेल्या बिडीएवढा लाल झाला.

"हा कोणाचा?"

तो सरपंचांचा होता, मागच्या दिवाळीपासूनचा. बदलायला सांगायची कोणाची छाती होत नव्हती.

"दवाखान्यातल्या टॉर्चचं असंच होते," जयवंता म्हणाली. "एक सेल मेला का बाकीचे चांगले असूनबी अडतात. बंद ठेवला, धुनीपाशी ऊब देली, तं तो घडीभर उठते आन् पुन्हा पडते. देवी नाही थकत, सरपंचसाहेबाचा सेल थकते."

महाराजांचे तीन आणि देवमनचा एक, असे चार लाल सेल तिनं रेडिओत बसवले. बातम्या झाल्या, बाजारभाव झाले, कीर्तन झालं. रेडिओ दमला नाही. कीर्तन संपेस्तोवर महाराजांनी परतवाड्याची गाडी गाठलीही होती. सेल परत मागायलाही थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी नवा ठराव लिहिला: चारही सेल एकदम बदलायचे, एकाच जातीचे, आणि ते एका वेळी एकाच गल्लीनं द्यायचे, पाळीपाळीनं. 'जातीचे' हा शब्द मी खोडला आणि 'छापाचे' असं लिहिलं.

वाचकहो, यंत्र बंद पडलं तर हात जोडण्याआधी झाकण उघडून पाहा. आणि बिघाडाचा दोष शेजाऱ्याच्या माथी मारण्याआधी आपला सेल तपासा.

त्या संध्याकाळी किसनराव रेडिओपाशी आले, तर पुढची जागा भरलेली. देवमन म्हणाला, "या सरपंचसाहेब, मी सरकतो." आणि तो खरंच वीतभर सरकला. किसनराव खाली मान घालून त्याच्या शेजारी बसले.