दुसरं बोट

माझ्या बाबाईले दोन वर्षांखाली लकवा मारला. उजवा हात गेला आन् जीभही जड झाली. ते काय बोलतात ते आता फक्त मलेच समजते, कारण घास मी भरवते. माझं लग्न झालं नाही ना, म्हणून मीच उरली.

परवा डॉक्टरनं सांगितलं, आता उपाय नाही, घरी न्या. तेव्हापासून बाबाईनं फादरचा धोशा लावला. बाबा म्हणजे प्रेमानंद मास्तर. आमच्या वडनेरच्या ख्रिस्ती पोराईले चाळीस वर्षं त्याईनंच धर्म शिकवला. फादरजवळ करायच्या पापाच्या कबुलीचे नियम बोटांवर घोकून घ्यायचे, अंगठ्यापासून एकेक बोट उघडत. पाप आठवा. दुःख करा. पुन्हा करणार नाही म्हणा. फादरले सगळं सांगा. दिलेलं प्रायश्चित्त करा. एकही बोट मिटलेलं राह्यलं तर क्षमा लागू नाही, असं डोळे वटारून सांगायचे.

फादर आले. भावजय राखी बाहेर गेली. "मास्तर, बोलता येत नाही तर माझा हात दाबा," फादर म्हणाले. "मनात दुःख आहे ना? तेवढ्यानं होतं."

बाबाईनं हात झटकला. डाव्या मुठीची तीन बोटं उघडली आन् थांबले. रडत कायतरी बोलले.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, वीस वर्षं एक पाप लपवलं. सगळ्या कबुल्या वाया गेल्या."

मले पाहवेना. मीच अक्कल पाजळली, "मी सांगते ना फादर तुमाले, मधात बसून."

"चालतं. पण तुलाही बंधन आहे. मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही."

"हाव."

बाबाईनं माझ्याकडे लई वेळ पाह्यलं, मग सुरू झाले. मी शब्दाला शब्द सांगत गेली. तिसऱ्या वाक्याले समजलं, हे तं माझंच आहे! तुमाले एवढं सांगितलं तरी मले पाप लागते. लागू दे. पुढचं नाही सांगणार. पण फादरले सांगताना मी एक शब्द गाळला नाही. माझ्या जिंदगीचं वाटोळं कसं झालं ते मीच माझ्या तोंडानं फादरले सांगितलं.

फादरनं एका प्रार्थनेचं प्रायश्चित्त दिलं आन् क्षमा दिली. बाबाईनं ओठ हलवत ती प्रार्थना केली, पाचही बोटं उघडली आन् डोळे मिटले.

"फादर, याले माझी माफी लागत नाही?"

"देवाच्या क्षमेला? नाही."

"वा रे वा! मंग बसा. आता माझी कबुली ऐका." मी तिथंच गुडघे टेकले. "हा बुढा तरसून तरसून मरावा असं मले वाटते."

फादर हळूच म्हणाले, "त्याचं दुःख आहे ना तुला?"

मी माझी मूठ पाह्यली. फक्त अंगठा उघडा होता.

"नाही."

"दुःख व्हावं, असं तरी वाटतं?"

"नाही ना फादर! खोटं बोलू का आता?"

"मग मी क्षमा देऊ शकत नाही, सुवर्णा. दिली तरी लागू होणार नाही." त्याईचे डोळे भरले होते.

"मालूम आहे," मी म्हटलं. "बाबाईनंच शिकवलं."

फादर गेले. राखी आत आली तेव्हा बाबा जागे होते, डावा हात माझ्याकडे करून तेच तेच बोलून राह्यले होते.

"काय म्हणतात हो, ताई?"

सुवर्णा, माफ कर, म्हणत होते.

"पाणी मागून राह्यले," मी म्हटलं.