बाबाईच्या खड्ड्यातलं पाणी

बाबाईच्या बाबतीत इओतेबा सख्ख्या भावालाही ताकास तूर लागू देत नसे. एकटा तोच तसा होता असं नाही, साऱ्या बेटाची रीतच ती. बाबाई म्हणजे पुरुषभर उंचीचं अळू. ते वाळूत खणलेल्या खोल खड्ड्यात, तळाच्या गोड्या पाण्यात पाय बुडवून वाढतं. त्याचं तंत्र, खताला कोणता पाला घालायचा तेही, बाप मरायला टेकला की एकाच लेकराच्या कानात सांगतो. लग्न असो की बाळाचा पहिला वाढदिवस, मानेआबात, म्हणजे गावाच्या सभाघरात, ज्याचा कंद सर्वांत मोठा त्याची मान वर्षभर ताठ. गेली अकरा वर्षं ती मान इओतेबाची होती. दुसरा नंबर शेजारच्या तेबुआईचा, आणि त्याचं दुःख तो रोज सकाळी कुंपणाशी येऊन बोलून दाखवायचा.

यंदा मात्र इओतेबाच्या खड्ड्यातली पानं कडेनं करपू लागली होती. त्यानं भोवती नारळाच्या झावळ्यांचा आडोसा उभा केला आणि विचारणाऱ्याला सांगितलं, "ऊन लागतंय त्यांना." पुढं गावात असे आडोसे बरेच उभे राहिले. बापजाद्यांचा खड्डा आपल्या हातून मरतोय याची इओतेबाला लाज वाटत होती आणि भीतीही. खड्डा मेला तर मेरेला, त्याच्या मुलीला, मागे काय ठेवायचं?

अशात राजधानी तारावाहून होडीनं नेई तिनाई, म्हणजे तिनाईबाई, आली. सरकारच्या पाणी संशोधन विभागातली बाई, वयानं तिशीची, दुसऱ्या बेटावरची, त्यामुळे गावात कुणाचीच नात्यातली नाही. सोबत एक छोटं यंत्र आणि खोकी भरून रिकाम्या बाटल्या. मानेआबात चटईवर बसून तिनं सांगितलं, "दर शनिवारी घरटी एक बाटली, आपापल्या खड्ड्यातल्या पाण्याची. चार आठवडे. खारटपणा कुठून शिरतोय ते कळलं म्हणजे काय वाचवता येईल तेही कळेल."

"नुसतं पाणी?" तेबुआईनं विचारलं.

"नुसतं पाणी, आजोबा."

"पाण्याला पाल्याचा वास असतो, पोरी. जाणकाराला नुसत्या वासावरून सगळं कळतं."

"माझ्या यंत्राला नाकच नाही."

सगळे हसले. विश्वास कुणीच ठेवला नाही.

शनिवारी इओतेबा बाटली घेऊन खड्ड्यात उतरला. पाणी पाला कुजून चहासारखं झालेलं. बोट बुडवून जिभेला लावलं तर खारट. एकाच बाटलीत घराण्याची विद्या आणि घराण्याची लाज! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तो तडक चर्चमागच्या पावसाच्या टाकीकडे गेला आणि तिथून बाटली भरून आणली. पुढचे तीन शनिवारही तेच केलं. टाकी यंदा लवकर खाली जातेय म्हणून पाद्री कुरकुरत होता, पण त्याचं कोण ऐकतो.

महिनाभरानं तिनाई पुन्हा मानेआबात बसली. हातात कागद. रागावली असेल असं इओतेबाला वाटलं होतं, पण ती नवलानं सगळ्यांकडे पाहत होती.

"तेवीस घरांच्या ब्याण्णव बाटल्या," ती म्हणाली, "आणि एकाही बाटलीत मीठ नाही."

"वा," तेबुआई म्हणाला. "मग ऊनच लागतंय."

"मीठ नाही ते ठीक. पण चुनाही नाही. आपली बेटं प्रवाळाची. खड्ड्यातल्या पाण्यात चुना असतोच. चुना नसलेलं पाणी या बेटावर एकाच ठिकाणी मिळतं, आणि ते आभाळातून येतं."

इओतेबानं मान खाली घातली. आपली चोरी पकडली गेली असं त्याला वाटलं. हळूच डोळे वर करून पाहिलं तर सगळ्याच माना खाली! मागच्या रांगेतून पाद्र्याचा घसा खाकरल्याचा आवाज आला. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळं सभाघर पोट धरून हसायला लागलं.

हसणं ओसरल्यावर तिनाई सरकत इओतेबासमोर आली. "आजोबा, बुबुती करते."

बुबुती म्हणजे मागणं, आणि चारचौघांत तसं मागितल्यावर नाही म्हणायची सोय नसते. आता ही गुपितच मागणार म्हणून तेबुआईनं मान लांब केली.

"तुमच्या खड्ड्यात मला उतरू द्या. पाल्याकडे बघणार नाही."

इओतेबाचा जीव भांड्यात पडला. "चल," तो म्हणाला.

खड्ड्यात तिनं यंत्राची तार हळूहळू खाली सोडली. आकडा आधी लहान होता. तळाशी जाताच भराभर चढला.

"वर गोडं, खाली खारं," ती म्हणाली. "बेटाखाली समुद्राचंच पाणी आहे, आणि त्यावर पावसाचं गोडं पाणी तरंगतं. पाण्यावर खोबरेल तरंगतं ना, तसं. थर पातळच असतो. पण आजोबा, तीस वर्षांपूर्वी आमच्याच खात्याच्या माणसानं हा खड्डा मोजला होता. नोंद आहे माझ्याकडे. तेव्हा काठ छातीशी येत होता. आता मला वर हात करूनही पुरत नाही."

"वाळू खचली असेल."

"वाळू खचली तर खड्डा भरतो, आजोबा."

पोरगी हुशार होती, आणि इओतेबाला ती आवडूही लागली होती. तेच अवघड होतं.

"गुपित मला नकोच आहे," ती तार गुंडाळत म्हणाली. "पण खोली का वाढली ते कळलं नाही, तर 'समुद्र आत आला' असंच लिहावं लागेल. मग हे खड्डे सोडून द्या असं खातं सांगेल. मंगळवारी माझी होडी आहे."

ती गेल्यावर तो काठावर बसून राहिला. बाप शेवटी कानात कुजबुजला होता, 'दुष्काळात पाणी खाली गेलं की तळही खाली ने.' आठ दुष्काळांत त्यानं आठदा तळ खणला होता, आणि दर वेळी कंद मोठा आला होता. हे वाक्य त्यानं मेरेसाठी जपून ठेवलं होतं. एकट्या तिनाईला हळूच सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण समोर तेबुआईच्या झावळ्यांचा आडोसा दिसत होता, त्याच्या पलीकडे आणखी एक, आणि त्याच्याही पलीकडे.

सोमवारी मानेआबात तो उभा राहिला आणि बापाचं वाक्य जसंच्या तसं मोठ्यानं म्हणाला. मागे बसलेल्या मेरेनं हातानं डोळे पुसले. आता ते तिचं एकटीचं राहिलं नव्हतं. बापाला दुसऱ्यांदा पुरल्यासारखं इओतेबाला वाटलं.

"समुद्र वर आला नाही," तो म्हणाला. "निदान माझ्या खड्ड्यात तरी नाही. मीच खाली गेलो त्याच्याकडे."

तिनाई हळू आवाजात म्हणाली, "तळ पुन्हा भरून घेतला तर अजून वाचेल, आजोबा."

कुणी हसलं नाही. तेबुआई चटईचा सुटलेला धागा ओढत बसला होता.

"किती खणायचास?" त्यानं शेवटी विचारलं.

"वीतभर. दर दुष्काळाला."

तेबुआईनं धागा सोडला.

"माझ्या बापानं दोन विती सांगितल्या होत्या," तो म्हणाला.